हब आणि स्विच एकच? ऑफिस नेटवर्कच्या त्या सल्ल्याला उत्तर

लहान ऑफिसांसाठीचा एक मेसेज सारखा फॉरवर्ड होत असतो: ‘हब आणि स्विच एकच, स्वस्त पडेल तो घ्या. वाचलेले पैसे राउटरवर घाला, सगळं नेटवर्क पळेल. पोर्ट कमी पडले तर पडून असलेला जुना राउटर जोडा. मॅनेज्ड स्विच ही मोठ्या कंपन्यांची चैन.’ यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची तीन नाहीत.

हब आणि स्विच, दोन्ही संगणक केबलने एकमेकांना जोडणारे डबे, बाहेरून सारखे दिसतात, एवढंच. हब एका पोर्टवर आलेला सिग्नल उरलेल्या सगळ्या पोर्टांवर सोडतो. दोघांनी एकदम पाठवलं की टक्कर, मग थांबा आणि पुन्हा पाठवा. त्याचे 100 एमबीपीएस सगळ्यांत मिळून असतात. शिवाय कुणाचाही डेटा शेजारच्याला पाहता येतो. स्विच मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) लक्षात ठेवून फ्रेम, म्हणजे डेटाचा तुकडा, नेमक्या पोर्टवर धाडतो, आणि प्रत्येक पोर्टला दोन्ही दिशांनी पूर्ण वेग देतो. गिगाबिट (1000 एमबीपीएसचे) हब तर बाजारात कधी रुजलेच नाहीत.

राउटरमुळे ‘सगळं’ पळत नाही. एकाच सबनेटमधल्या (ऑफिसातल्या एकाच अंतर्गत नेटवर्कमधल्या) संगणकावरून सर्व्हरवर फाइल जाते तेव्हा राउटिंग होतच नाही. तिथला वेग ठरतो स्विच आणि केबलवर. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, एक निकामी झाली की लिंक बहुतेकदा 100 वर उतरते. आणि बाहेरची लाइनच 100 ची असेल तर महागडा राउटर वेगळं काय देणार? व्हीपीएन (बाहेरून ऑफिसशी सुरक्षित जोडणी), दोन इंटरनेट लाइन, फायरवॉल किंवा दीर्घकाळ मिळणारे अपडेट हवे असतील तर त्यावर जरूर खर्च करा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी जुन्या राउटरची. त्याचा डीएचसीपी (संगणकांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) चालू राहिला तर पत्ते वाटणारे दोन होतात, आणि संगणक आधी उत्तर देईल त्याचं ऐकतो. मग निम्म्यांचं नेट चालतं, निम्म्यांचं नाही, कुणाचं सकाळी चालतं नि दुपारी बंद. शिव्या खाते इंटरनेट कंपनी. केबल वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टात खुपसली तर त्यामागे वेगळंच नेटवर्क तयार होतं आणि तिकडचा प्रिंटर इकडच्यांना सापडत नाही. डीएचसीपी बंद करा, आयपी बदला, केबल लॅन (ऑफिसच्या बाजूच्या) पोर्टात लावा, की तो सरळ चालतो. पण एवढा खटाटोप करून हाती काय, तर चार पोर्टांचा स्विच, तोही बऱ्याचदा 100 एमबीपीएसचा!

मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचचं म्हणाल तर दहा संगणक आणि एक प्रिंटर एवढंच असेल तर साधा पुरतो. पाहुण्यांचं वाय-फाय किंवा कॅमेरे वेगळे ठेवायचे असतील तर व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) लागतं, आणि ते साध्यात नसतं. कुणी एका केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये लावली तर ब्रॉडकास्टच्या (सगळ्यांना जाणाऱ्या संदेशांच्या) लोंढ्याने ऑफिस ठप्प होतं. मॅनेज्ड स्विचमध्ये एसटीपी (असे फेरे ओळखणारी सोय) चालू असेल तर तो असा लूप तोडतो. कॅमेऱ्यांसाठी पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) स्विच घेताना एकूण वॅट पाहा: 802.3एएफ या पीओईच्या मानकात एका पोर्टला 15.4 वॅट, म्हणजे आठ पोर्टांना सुमारे 123. खोक्यावर ‘आठ पीओई पोर्ट’ छापलेल्या कितीतरी स्विचांची एकूण क्षमता याहून बरीच कमी असते.