खुलासा : ‘फर्स्ट ४०.७’ची कील आपोआप गळून पडते का?

‘बेनेटो या फ्रेंच कंपनीची फर्स्ट ४०.७ ही शिडाची नौका जुनी घेऊच नका, तिची कील, म्हणजे तळाखालचं तोल सांभाळणारं जड पातं, भर समुद्रात गळून पडते,’ असं सांगितलं जातं. ही अर्धी गोष्ट आहे, आणि उरलेली अर्धी जास्त महत्त्वाची आहे.

मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला परतणाऱ्या ‘चीकी राफिकी’ या नौकेची कील अटलांटिकमध्ये निखळली. चार खलाशी गेले. ती फर्स्ट ४०.७च होती, हे खरं. पण ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने दोष सरसकट मॉडेलवर ठेवला नाही. नौका आधी अनेकदा समुद्रतळाला घासली होती, तिची दुरुस्ती झाली होती; त्याने कीलजवळचा सांगाडा कमकुवत झाला असावा, कील धरून ठेवणारे बोल्टही झिजलेले असू शकतात, असं अहवाल म्हणतो.

या नौकेत आतली जाळीदार चौकट फायबरच्या तळाला चिकटवलेली असते. हलके धक्के साठत गेले तरी ती सुटू शकते, आणि सुटलेली पटकन दिसत नाही. अशी रचना इतर अनेक नौकांतही आहे. म्हणजे दुसरं मॉडेल घेतलं की सुटलो, हा समज जास्त घातक!

म्हणून नौका पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेयरकडून तपासा. कीलच्या मागच्या टोकाशी आतून भेगा आहेत का, चौकट ठोकल्यावर पोकळ वाजते का, हे त्याला पाहायला सांगा. नौका कधी समुद्रतळाला लागली होती का, हे मालकाकडून लेखी घ्या.