समान पगार म्हणजे नुसता मूळ पगार नव्हे

‘वाहतूक कामगारांच्या संघटनांना पगारवाढीपलीकडे काही दिसत नाही’, हे एका लेखातलं वाक्य वाचलं अन् फार लागलं. मी नागपुरात अकरा वर्षं बसवर वाहक आहे. मूळ पगार बाई-पुरुषांना सारखाच, मान्य. फरक पडतो भत्त्यांत. ‘बाईला मुक्कामी ड्यूटी नको’ म्हणत लांबची गाडी कायम पुरुषांना जायची, अन् महिनाअखेर माझ्या हाती कमीच यायचं. खरं कारण इतकंच, की मुक्कामाच्या खोलीला आतून कडी नव्हती! संघटनेच्या ताईंनी तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याचं ९ वं कलम साहेबांपुढे ठेवलं: रात्री थांबावं लागतं तिथे विश्रांतीच्या खोलीची सोय मालकानेच करायची. दोन महिन्यांत कडी बसली, बाहेर दिवा लागला, मला मुक्कामी ड्यूटी मिळाली.

आता मे महिन्याचं सांगते. पारा ४५ च्या आसपास, बाटली पिशवीतच असते, तरी दुपारपर्यंत मी घोटभर पाणी पीत नाही. वाटेत बायकांसाठी धड स्वच्छतागृहच नाही. आमच्या मागणीपत्रात यंदा हा मुद्दा पगाराच्याही वर लिहिला आहे.