खुलासा : तळहात मनगटातून उलटत नाही

सांध्यांविषयीचे एक चित्र सध्या बरेच फिरत आहे. त्यात कोपर आणि गुडघा यांना दाराच्या बिजागरीची उपमा देऊन, ते केवळ मिटतात व उघडतात आणि तळहात पालथा करण्याचे काम मनगट करते, असे म्हटले आहे. यातील उपमा अर्धीच खरी आहे आणि मनगटाविषयीचे विधान चुकीचे आहे.

कोपरात दंडाचे हाड आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना हे हाड यांचा सांधा बिजागरीसारखाच चालतो. परंतु तेथेच, एका कंकणाकृती बंधात अडकवलेले, अंगठ्याच्या बाजूचे रेडियस हे हाड स्वतःभोवती फिरते आणि त्याचे खालचे टोक अल्नाला वळसा घालते, म्हणून तळहात उलटतो. कोपर काटकोनात दुमडून, त्याच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या खळगीत दुसऱ्या हाताचे बोट ठेवावे व तळहात उलटसुलट करावा. बोटाखाली हाडाचे गोल डोके फिरताना स्पष्ट जाणवते. मनगट खाली-वर आणि दोन्ही बाजूंना वाकते, एवढेच.

गुडघ्याचेही तसेच. खुर्चीवर बसून टाच जागेवर ठेवल्यास पाऊल आत-बाहेर वळवता येते, कारण दुमडलेल्या गुडघ्यात नडगीचे हाड थोडे फिरते. पाय पूर्ण ताठ केला की ही मुभा जवळजवळ संपते. खांद्याचा व खुब्याचा सांधा उखळीचा असल्याचे त्या चित्रात म्हटले आहे, ते मात्र बरोबर आहे.