विचारू नका, खेळू द्या

'मूल खेळत असताना "हे काय केलंस?" असं विचारत राहा' हा मुलांच्या घरगुती खेळांवरच्या तुमच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. आमच्याकडे वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात उत्तरायण (संक्रांतीचा पतंगोत्सव) संपलं की रिकाम्या फिरक्या आणि फाटके पतंग नातवाच्या हवाली होतात (मांजा आधी काढून टाकायचा, बोटं कापतात). परवा तोंडाने घरघर करत फिरकीने कणकेचा रस्ता दाबत होता. सूनबाईंनी विचारलं मात्र, 'गाडी' एवढंच म्हणून उठला. खेळ बंद!

महागड्या किटची गरज नाही, हे मात्र शंभर टक्के खरं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आताचा पालघर जिल्हा) बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, काड्या अशीच साधनं होती. फक्त घरात रांगतं भावंड असेल तर बिया उंचावर ठेवा. हे लेखात यायला हवं होतं.