उधारी, शिलिंग आणि सकीचा आरसा

नमस्कार. अठराव्या शतकातल्या व्हर्जिनियातल्या, म्हणजे अमेरिकेतल्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीतल्या दुकानांवर मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. भावांचा हिशेब चुकलाय. शेतकरी सगळं घरीच करत, तेव्हा उधारी ही मी आपल्या वाण्याच्या दुकानावरून केलेली कल्पना आहे. आणि गुलामांजवळ पैसा नव्हता, मग ते गिऱ्हाईक कसे?

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. शिलिंग हे तिथलं चलन; व्हर्जिनियाचा शिलिंग मी लंडनच्या शिलिंगाइतकाच धरला. चांदीच्या स्पॅनिश डॉलरला लंडनमध्ये साडेचार शिलिंग पडत, व्हर्जिनियात सहा, न्यूयॉर्कमध्ये आठ. म्हणजे व्हर्जिनियाचा शिलिंग लंडनच्यापेक्षा हलका होता, आणि लेखातले सगळे भाव मी फुगवून सांगितले. आजच दुरुस्त करतो.

उधारीचं मात्र पटत नाही. तंबाखूचं पीक वर्षातून एकदा हाती येतं. कापायचा, वाळवायचा, मोठमोठ्या पिंपांत दाबून भरायचा आणि सरकारी वखारीत तपासून घ्यायचा. 1730च्या कायद्यानंतर त्या वखारीची पावतीच पैशासारखी फिरू लागली. पीक हाती येईपर्यंत घर चालायचं ते दुकानदाराच्या वहीवर. यातली बरीच दुकानं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या व्यापाऱ्यांची होती. त्यांच्यातल्या जॉन ग्लासफर्डच्या पेढीच्या वह्या आजही वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. नावे आणि जमा, अगदी आपल्या खतावणीसारख्या. घरी सूत कातलं जायचं, हे खरं. पण सुया, टाचण्या, चहा, मिरी, बंदुकीची दारू कोण परसात पिकवणार? गुलामांच्या कपड्यांसाठी लागणारं ऑस्नाबर्ग नावाचं जाडंभरडं कापडसुद्धा वाराच्या मापाने विकत घेतलं जाई.

आता तिसरा आक्षेप, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच. कायद्याने गुलामाची मिळकत त्याची नव्हती. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्याशी खरेदी-विक्री करायला व्हर्जिनियात 1705 पासून बंदी होती. तरीही रात्री आणि रविवारी, मालकाचं काम उरकल्यावर, ही माणसं कोंबड्या पाळत, भाजी लावत, थोडा कापूस पिकवत आणि तो माल दुकानात आणत. व्हर्जिनियातल्या न्यू लंडन गावच्या जॉन हूक या दुकानदाराच्या वहीत, अमेरिकन क्रांतीच्या अगदी तोंडावर, सकी नावाच्या एका गुलाम स्त्रीची नोंद आहे. तिने एक आरसा आणि रिबिन घेतली आणि बदल्यात कापूस दिला.

ही नोंद पहिल्यांदा कळली तेव्हा मी बराच वेळ पुढचं काही वाचू शकलो नाही. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून उरलेल्या वेळात वेचलेला तो कापूस. त्यातून तिने मीठ घेतलं नाही, रमही नाही. आपला चेहरा दिसेल अशी वस्तू घेतली. तिचं शरीरसुद्धा मालकाच्या मालमत्तेत मोजलं जात होतं. त्या बाईला गिऱ्हाईक म्हणायचं नाही, तर मग कुणाला म्हणायचं?

तुमच्या प्रश्नामुळे एक लक्षात आलं. मूळ लेखात मी सकीला एका ओळीत उरकलं होतं आणि भावांवर पानभर लिहिलं होतं, तेही चुकीचं. दुरुस्त लेखाची सुरुवात तिच्यापासून होईल. भाव नंतर येतील, व्हर्जिनियाच्या शिलिंगात.