‘इंग्रज जुनं काही पाडत नाहीत’ म्हणे!

ओढ्याकाठी दगडी घरांची रांग, उतरती छपरं, दारात फुलं. फोटो इंग्लंडातल्या बायबरी गावातल्या आर्लिंग्टन रोचा असतो आणि त्याखालचा मजकूर गेली कित्येक वर्षं मराठी ग्रुपांवर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ही घरं १३८० पासून जशीच्या तशी उभी आहेत; इंग्लंडातली जुनी लाकडी घरं मोडीत काढलेल्या लढाऊ जहाजांच्या लाकडांतून बांधलीत; तिथे जुनी इमारत पाडायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही; प्रत्येक गावाला आपला इतिहास तोंडपाठ असतो; जतन त्यांच्या रक्तातच आहे, म्हणून कायदेही त्यांनीच सगळ्यांच्या आधी केले. शेवटी ठरलेला उसासा: ‘नाहीतर आपण!’

उसाशाशी माझं भांडण नाही. पुण्यातले वाडे कसे गेले ते सगळ्यांनी पाहिलंय. पण त्याआधीच्या एकाही वाक्याला आधार नाही, आणि ही पोस्ट मला अधूनमधून अभ्यासू माणसांकडूनही येते.

‘१३८० पासून जशीच्या तशी’

१३८० च्या सुमारास तिथे जे बांधलं ते घर नव्हतंच. मठाच्या मालकीचं ते लोकरीचं कोठार होतं. सतराव्या शतकात त्याच्या आत भिंती घालून विणकरांसाठी बिऱ्हाडं काढली. समोरच्या ओलसर तुकड्याला रॅक आयल म्हणतात, कारण विणलेलं कापड तिथे चौकटींवर ताणून वाळवायचे. थोडक्यात, ज्या फोटोवर आपण हळहळतो ती कामगारांची चाळ आहे, आणि कोठाराची चाळ करताना कुणी वारसा-बिरसा बघितला नव्हता.

ती टिकली कशी, हे जास्त महत्त्वाचं. बायबरी ज्या भागात आहे त्या कॉट्सवोल्ड्समधला कापडधंदा बसला आणि गावांकडे नवं बांधायला पैसा उरला नाही. सफकमधल्या लॅव्हनमचीही तीच कथा. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे गाव इंग्लंडातल्या श्रीमंत गावांत मोडायचं. धंदा गेला. इतर शहरांत अठराव्या शतकात लोकांनी लाकडी घरांना विटांचे नवे दर्शनी भाग चढवले, लॅव्हनमच्या बहुतेकांना ते परवडलं नाही. तिथलं गिल्डहॉल, म्हणजे गिल्ड नावाच्या संघाचं सभागृह, पुढे तुरुंग झालं, अनाथ-गरिबांचं आश्रयगृह झालं, महायुद्धात शहरांतून हलवलेल्या लोकांचा निवारा झालं. आज ते नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि आपण तिकीट काढून आत जातो.

‘जशीच्या तशी’ हा शब्द काळ्या-पांढऱ्या घरांच्या बाबतीत तर आणखीच फसवा. लाकडाला काळा रंग, मधल्या भिंतीला पांढरा, हा झगझगीत थाट मोठ्या प्रमाणात एकोणिसाव्या शतकातला. त्याआधी ओकचं लाकूड बहुधा तसंच सोडायचे आणि ते करडं पडायचं, किंवा लाकूड-भिंत सगळ्यावर सरसकट चुन्याचा हात फिरवायचे. चेस्टरला मुख्य चौकात सगळे ज्या देखण्या ‘मध्ययुगीन’ इमारतीचा फोटो काढतात ती १८८८ ची आहे. कॅथीड्रलशेजारची सेंट वरबर्ग स्ट्रीटवरची रांग त्याहून नवी, जॉन डग्लस या वास्तुविशारदाची. आपलं सीएसएमटी १८८८ चं, तेव्हा वयाचा हिशेब करून बघा.

शेक्सपिअरचं जन्मघर घ्या. १८४७ साली ते लिलावात निघालं तेव्हा त्याच्या एका भागात खाटकाचं दुकान होतं आणि दुसऱ्यात दारूचा गुत्ता. लोकवर्गणीतून ३,००० पौंडांना ते घेतलं. मग १७६९ च्या एका चित्राबरहुकूम त्याचा दर्शनी भाग पुन्हा घडवला आणि आगीची भीती नको म्हणून शेजारची घरं पाडून टाकली. आज ते घर एकटं उभं दिसतं, पण शेक्सपिअरच्या लहानपणी ते रांगेतलं घर होतं.

‘जहाजांच्या लाकडाची घरं’

ही आख्यायिका इंग्रजांचीच. समुद्र दिसायला दिवसभराचा प्रवास लागेल अशा गावातल्या गुत्त्यातही तुळईकडे बोट दाखवून कुणीतरी सांगतं, ‘ही स्पॅनिश आरमारातल्या जहाजाची.’ पुरावा म्हणून दोन गोष्टी दाखवतात: वाकडं लाकूड आणि रिकामी खाच.

वाकडं लाकूड सुतार मुद्दामच निवडायचे. दोन वाकड्या खांबांची कमान करून तिच्यावर छप्पर पेलायची पद्धत इंग्लंडात फार जुनी, त्यासाठी तसं वाढलेलं झाड हेरून ठेवायचे. ओक ओला असतानाच तासायचे, कारण वाळल्यावर तो हत्याराला दाद देत नाही. सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, मग उभा करायचा. त्या खुणा अजून दिसतात आणि लाकूड त्या घरासाठीच कापलं होतं हे त्याच सांगतात. रिकाम्या खाचा उरतात त्या मधली भिंत काढल्यामुळे किंवा तुळई दुसऱ्या जुन्या घरातून आल्यामुळे. शिवाय, जवळच्या रानात ओक असताना बंदरातून मैलोन्मैल बैलगाडीनं तुळया कोण आणेल?

अपवाद आहेत, आणि ते कागदोपत्री सिद्ध झालेले आहेत. १८१३ साली पकडलेल्या चेसापीक या अमेरिकन युद्धनौकेच्या लाकडातून १८२० मध्ये हॅम्पशरमधल्या विकम गावी पिठाची गिरणी उभी राहिली. लंडनमधलं लिबर्टी हे दुकान दोन युद्धनौकांच्या लाकडातून बांधलं, पण ते १९२० च्या दशकात. चॅटमच्या गोदीत एका कार्यशाळेच्या जमिनीखाली नामुर या जहाजाचे अवशेष निघाले. तेव्हा जहाजाचं लाकूड सापडतं ते गोदीत, किंवा जिथे खरेदीची पावती आहे तिथे.

‘पाडायचा विचारही येत नाही’

इथे मात्र जरा बसून बोलावं लागेल.

आठव्या हेन्रीनं १५३६ ते १५४० मध्ये मठ बरखास्त केले आणि आसपासच्या लोकांनी त्यांचे घडीव दगड घरांना, गोठ्यांना, कुंपणांना लावले. ते राजकारण होतं म्हणून सोडून देऊ. शेक्सपिअर ज्या न्यू प्लेसमध्ये वारला ते घर १७०० च्या सुमारास नव्यानं बांधलं गेलं, आणि तेही १७५९ साली फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्यानं पाडलं. मालक तोच. घर बघायला येणाऱ्यांचा वैताग आणि गावाशी करावरून वाद, एवढं कारण त्याला पुरलं. त्याआधी शेक्सपिअरनं लावलेलं म्हणून सांगितलं जाणारं तुतीचं झाडही त्यानं तोडलं होतं.

पण मला सगळ्यांत बोलकं वाटतं ते डॉर्सेटमधलं मिल्टन ॲबस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखी पांढरी, गवताच्या छपरांची घरं, मधे हिरवळ. इंग्लिश खेड्याचा नमुना म्हणून कॅलेंडरांवर छापतात. ते उभं राहिलं एक अख्खं गाव पुसून. जोसेफ डेमर या जमीनदारानं मठाची जागा घेतली, तिथे प्रासाद बांधला, आणि खिडकीतून दिसणारं बाजारपेठेचं जुनं गाव त्याला खुपायला लागलं. भाडेपट्टे संपतील तशी एकेक घरं त्यानं पाडली. शाळकरी मुलांचा उपद्रव होतो म्हणून शाळा दुसऱ्या गावी हलवली. एका वकिलानं पट्टा सोडायला नकार दिला तेव्हा डेमरनं तलावाची दारं उघडून त्याच्या घरात पाणी सोडलं आणि वकिलानं त्याला कोर्टात हरवलं, अशी गोष्ट सांगतात. शेवटी गाव गेलंच. लोकांना प्रासादातून दिसणार नाही अशा घळीत बसवलं, आणि लान्सलॉट ब्राउन या नामवंत उद्यानरचनाकाराचाही त्या आखणीत हात होता. पुनर्वसन वसाहतच ती, फक्त अडीचशे वर्षांची झाल्यामुळे सुंदर दिसते.

विसावं शतक याहून वाईट. प्रासाद आणि हवेल्या हजाराहून अधिक गेल्या. वारसा कर, नोकरांची टंचाई, युद्धात सैन्यानं घातलेला धुडगूस. मालकांनी छपरं काढून विटा विकल्या. १९७४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात याच विध्वंसाचं प्रदर्शन भरलं तेव्हा कुठे लोक हादरले. कॉव्हेंट्रीचं नाव निघालं की आपण १४ नोव्हेंबर १९४० ची जर्मन बाँबफेक आठवतो. पण तिथली बुचर रो ही मध्ययुगीन गल्ली नगरपालिकेनंच १९३६ साली पाडली होती, मोटारींसाठी रस्ता हवा म्हणून. लंडनमधली यूस्टन स्थानकाची १८३७ ची भव्य कमान १९६१-६२ मध्ये गेली. कवी, वास्तुविशारद, इतिहासकार पंतप्रधान मॅकमिलन यांना भेटून आले, उपयोग झाला नाही. तिचे दगड एका कालव्यात भराव म्हणून टाकले होते, ते १९९४ मध्ये सापडले.

‘प्रत्येक गावाला इतिहास तोंडपाठ’

गावाला गोष्टी तोंडपाठ असतात, ते कुठेही खरं. चर्चपासून गुत्त्यापर्यंत भुयार आहे असं न सांगणारं इंग्लिश गाव शोधावं लागेल. डर्बिशरमधलं डर्वेंट गाव लेडीबाउअर धरणात १९४० च्या दशकात बुडालं. चर्चचा मनोरा तेवढा स्मारक म्हणून राखला होता, तो पाण्याबाहेर दिसायचा. लोक पोहत तिथे जायला लागले तेव्हा डिसेंबर १९४७ मध्ये सुरुंग लावून तो उडवला. तरी पाणी आटलं की मनोरा दिसतो असं आजही सांगतात आणि दुष्काळी उन्हाळ्यात तो बघायला गर्दी होते. गावाचा जुना दगडी पूल मात्र दगड न् दगड सोडवून धरणाच्या वरच्या अंगाला नव्यानं उभा केलाय. 

थोर माणसं राहिली त्या घरांवर लावतात त्या निळ्या गोल पाट्यांचंही कौतुक पोस्टमध्ये असतंच. लोकमान्य टिळक लंडनमध्ये १९१८-१९ साली राहिले त्या हाउली प्लेसच्या घरावर अशी पाटी आहे, ती पाहून बरं वाटतं. पण पाटीनं इमारतीला कायद्याचं कसलंच संरक्षण मिळत नाही. लंडनमधली पहिली पाटी १८६७ साली कवी बायरनच्या जन्मघराला लागली. १८८९ मध्ये ते घर पाडलं.

‘रक्तातच आहे, म्हणून कायदे आधी’

१८८२ चा जतनाचा पहिला कायदा म्हणजे बहुतांशी प्रागैतिहासिक दगडवर्तुळं आणि टेकाडं यांची छोटी यादी. तीही मालकाच्या मर्जीवर. त्यानं नाही म्हटलं तर सरकार हात चोळत बसणार. खासगी मालमत्तेला हात लावायचा या कल्पनेनंच पार्लमेंटात कित्येकांना घाम फुटायचा.

आणि आता आपल्याशी खरोखर संबंध असलेली गोष्ट. लॉर्ड कर्झनवर माया करायचं आपल्याला काही कारण नाही, बंगालची फाळणी त्याचीच. पण १९०४ मध्ये हिंदुस्थानात त्यानं प्राचीन स्मारकांचा जो कायदा केला तो त्या वेळच्या इंग्लंडातल्या कायद्याहून कडक होता. प्रजेच्या देशात मालमत्तेच्या हक्कावर गदा आणायला पार्लमेंट आडवं येत नव्हतं, हेही त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं. १९११ साली कर्झन मायदेशात असताना लिंकनशरमधल्या टॅटरशॉल किल्ल्याच्या पंधराव्या शतकातल्या कोरीव शेकोट्या उखडून विक्रीला गेल्या, अमेरिकेला जाणार अशी बोलवा झाली. अडवायला कायदा नव्हता. कर्झननं स्वतःच्या पैशानं किल्ला घेतला, शेकोट्या शोधून परत आणून बसवल्या. या गदारोळानंतर १९१३ मध्ये सरकारला सक्तीचे अधिकार देणारा कायदा इंग्लंडात झाला. त्यातूनही राहती घरं आणि वापरातली चर्चेस वगळलेलीच होती.

फोटोतल्यासारख्या घरांची, म्हणजे संरक्षण द्यायच्या इमारतींची, यादी व्हायला १९४७ उजाडलं. यादीत नाव असलं तरी मालकानं नोटीस दिली की बऱ्याचदा काम भागायचं. परवानगीशिवाय हात लावता येणार नाही, हा नियम १९६८ चा. यूस्टनची कमान यादीत असूनच गेली. १९८० मध्ये पश्चिम लंडनमधल्या फायरस्टोन टायर कारखान्याचं नाव यादीत चढणार असं कळताच सुट्टीच्या दिवसांत त्याचा दर्शनी भाग पाडून टाकला.

आज यादीत चार लाखांच्या आसपास नोंदी आहेत आणि परवानगी न घेता मोडतोड करणं हा गुन्हा आहे, हे पोस्टवाल्यानं लिहिलं असतं तर मी मान डोलावली असती. ते नियम यूस्टन हरलेल्या आणि फायरस्टोनवर संतापलेल्या माणसांनी पदरात पाडून घेतलेत. अजूनही सगळं जमलेलं नाही. तिथे नवं घर बांधलं तर सर्वसाधारणपणे त्यावर व्हॅट शून्य, आणि तीनशे वर्षांच्या घराचं छप्पर दुरुस्त केलं तर २० टक्के.