‘स्वतः केलेलं 90 टक्के लक्षात राहतं’ म्हणे! पण मोजलं कोणी?

शाळा सुरू व्हायची वेळ आली की शिक्षकांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तो रंगीत पिरॅमिड फिरायला लागतो. वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20, बघितलेलं 30 आणि स्वतः केलेलं थेट 90. त्याच्याखाली मजकूर असा की आजकालच्या पोरांचं लक्ष 8 सेकंदच टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी, त्यामुळे खडू-फळा सोडा, मोबाईल हातात द्या, अभ्यासाचा गेम करा, पॉइंट आणि बॅज द्या, पोरं आपोआप शिकतील, आपल्या सोलापूरच्या डिसले सरांनी हेच केलं आणि जगात पहिले आले. मी स्वतः वर्गात मोबाईल वापरते, आमच्याकडे असल्यांना तंत्रस्नेही शिक्षक म्हणतात, तरीपण हे वाचून डोकं फिरतं.

आधी तो पिरॅमिड. कुठल्याही खऱ्या प्रयोगात आकडे असे 10, 20, 30 करत ओळीने शिस्तीत येतात का हो? एडगर डेल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1946 च्या पुस्तकात अनुभवांचा एक शंकू काढला होता, प्रत्यक्ष अनुभव खाली आणि शब्द वर, आणि त्यात एकही टक्का नव्हता. टक्के दिसतात ते 1967 मध्ये, ट्रायक्लर नावाच्या माणसाच्या लेखात, आणि तो नोकरीला होता मोबिल ऑइल कंपनीत! पुरावा काहीच दिलेला नाही. पुढे कोणीतरी ते आकडे डेलच्या चित्रावर चिकटवले. अमेरिकेतली एनटीएल नावाची संस्था म्हणते असं संशोधन आमच्याकडे झालं होतं, पण मूळ कागद मागितले की ते सापडत नाहीत. आणि साधी गोष्ट, काय वाचलं, कोणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं, हे न सांगता ‘10 टक्के’ला अर्थ काय? या आकड्यांवर बीएडची लेक्चरं होतात, ॲपवाल्यांचे डेमो होतात, कोणी विचारत नाही.

गोल्डफिशचं तर दोन वाक्यात उरकते. तो 8 सेकंदांचा आकडा मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या 2015 च्या रिपोर्टमधून पसरला, पण तो त्यांनी मोजलेलाच नव्हता, एका वेबसाईटवरून उचललेला होता, आणि 2017 मध्ये बीबीसीने माग काढला तर त्यामागचं संशोधनच सापडलं नाही.

आता पॉइंट आणि बॅज. इथे जरा थांबायला पाहिजे कारण इथे अर्धं खरं आहे. 2020 मध्ये सायलर आणि होमनर या संशोधकांनी गेमिफिकेशनवरचे, म्हणजे अभ्यासाचा गेम करण्यावरचे, बरेच प्रयोग एकत्र करून बघितले तर फायदा दिसला, पण छोटा, चमत्कार वगैरे नाही. उलटी बाजूही आहे. 1973 चा एक जुना प्रयोग आहे, बालवाडीतली चित्रं काढायची आवड असलेली मुलं घेतली, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं की सर्टिफिकेट मिळेल. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर हीच मुलं चित्रं काढण्यात बाकीच्यांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ घालवत होती! 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत बॅज आणि लीडरबोर्ड (कोण पुढे, कोण मागे याची यादी) लावून एक कोर्स शिकवला, तर सेमिस्टर संपेपर्यंत त्या वर्गाचा उत्साह साध्या वर्गापेक्षा कमी झाला आणि शेवटच्या परीक्षेत मार्कही कमी पडले. वर्गात हे दिसतंच की. लीडरबोर्डवर वरची चार-पाच पोरं खूश, खालची पोरं तिसऱ्या दिवसापासून खिडकीबाहेर बघतात. काहूटसारख्या क्विझच्या गेममध्ये लवकर उत्तर दिलं की जास्त पॉइंट, मग पोरं प्रश्न पूर्ण न वाचता बटण दाबतात.

तरी क्विझने फायदा होतो हे मी नाकारत नाही. होतो, पण तो बॅजमुळे नाही तर आठवायला लागतं म्हणून. रोडिगर आणि कार्पिक यांचा 2006 चा प्रयोग बघा, एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून पुस्तक बंद करून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना साधारण 40 टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61. टक्के असे असतात, वेडेवाकडे. आणि यासाठी मोबाईल लागतोच असं नाही, पाटीपण चालते.

‘आपोआप शिकतील’ हे सगळ्यात धोक्याचं वाक्य. दिल्लीत माइंडस्पार्क सॉफ्टवेअरवर झालेला अभ्यास सगळे दाखवतात, आणि खरंच साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली वाढ दिसली. पण रोजच्या 90 मिनिटांतली निम्मी सॉफ्टवेअरवर आणि निम्मी छोट्या गटात माणसाने शिकवायची होती, आणि सॉफ्टवेअर सातवीच्या मुलाला तो तिसरीत अडकला असेल तर तिसरीचंच गणित देत होतं. नुसता मोबाईल हातात दिल्यावर काय होतं ते असर या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या 2024 च्या रिपोर्टमध्ये आहे. ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मोबाईल वापरता येणाऱ्या मुलांपैकी त्या आठवड्यात अभ्यासासाठी मोबाईल वापरलेली 57 टक्के, सोशल मीडियासाठी 76.

डिसले सरांना यात ओढू नका प्लीज. त्यांना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तेव्हा जे काम जगापुढे आलं ते असं की परितेवाडीच्या त्यांच्या शाळेत मुलींची भाषा कन्नड, पुस्तकं दुसऱ्या भाषेत, तर सर कन्नड शिकले, पुस्तकं त्या मुलींच्या भाषेत केली आणि मग त्यात क्यूआर कोड घातले. फॉरवर्डमध्ये फक्त क्यूआर कोड उरतो, तोही गेम बनून, आणि भाषा शिकायची मेहनत गायब!

मोबाईल वापरायचाच तर वर्गाला एक पुरतो. प्लिकर्स नावाच्या ॲपमध्ये प्रत्येक मुलाकडे छापलेलं कागदी कार्ड असतं, उत्तराप्रमाणे ते फिरवून वर धरायचं आणि बाईंनी आपल्या मोबाईलने स्कॅन करायचं, कोण कुठे चुकलं ते लगेच कळतं, शेजारच्याला कळत नाही. तुमच्या शाळेत कोणी ॲपचा डेमो द्यायला आलं तर मुद्दाम चुकीचं उत्तर दाबून बघा. नुसती लाल फुली येऊन पुढचा प्रश्न आला तर कितीही नाणी खणखणली तरी विकत घेऊ नका. तेच गणित सोपं करून परत विचारलं आणि कोण कुठे अडकलंय ते बाईंना दाखवलं, तरच पुढे पैशाचं बोला.